वाळवंटातला वाटाड्या

दर वर्षी दिवाळी अंकासाठी संपादकांचा फोन आला की यंदा नक्की लिहितो म्हणून मी कबूल करतो. मग डेडलाईन जाते, दिवाळी येते, फराळ संपतो आणि माझा लेख पुढच्या रिलीजमध्ये ढकलला जातो. आमच्या धंद्यातली जुनीच खोड! यंदा मात्र एका माणसाने मला वर्षभर सोडलेलं नाही, त्यामुळे लिहिल्याशिवाय सुटका नाही. या माणसाचा महाराष्ट्राशी काही संबंध नाही. तो फ्रेंच होता, तो गेला तेव्हा आपल्यापैकी बरेचजण शाळेत होते आणि काहींचा तर जन्मही झालेला नव्हता. तरी त्याची गोष्ट आपल्यासारख्या घर सोडून आलेल्या लोकांनी ऐकावी अशी आहे, असं मला वाटतं.

सुरुवात झाली ती ॲन आर्बरला. शनिवारी सकाळी मुलाला रोबोटिक्सच्या वर्गाला सोडायचं आणि वर्ग सुटेपर्यंत मिशिगन विद्यापीठाच्या नॉर्थ कॅम्पसवर पाय मोकळे करायचे, हा माझा नेम. तिथे एरोस्पेस इंजिनिअरिंगची एक इमारत आहे. तिला सगळे एफएक्सबी म्हणतात. कित्येक महिने मी ते एखाद्या सॉफ्टवेअरचं नाव असावं असंच समजत होतो! एकदा पूर्ण नाव नीट वाचलं : फ्राँस्वा-झाविए बान्यू. घरी येऊन शोधलं. हा मुलगा इथेच शिकला, १९८२ साली एरोस्पेसची पदवी घेतली, हेलिकॉप्टर पायलट झाला, आणि वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी आफ्रिकेतल्या माली देशात वाळवंटात गेला. मिशिगनमध्ये शिकलेला मुलगा मालीच्या वाळवंटात काय करत होता? तर एका मोटार रॅलीसाठी हेलिकॉप्टर चालवत होता. त्या संध्याकाळी त्याच्या हेलिकॉप्टरमध्ये आणखी चौघे होते. त्यातला एक ती रॅली जन्माला घालणारा माणूस. नाव तिएरी साबीन, वय ३६.

माझं वयही ३६. कदाचित म्हणूनच मी पुढे वाचत गेलो.

पॅरिस-डकार रॅली हे नाव आपल्यातल्या बहुतेकांनी ऐकलेलं असेल. वाळूच्या टेकडीवरून हवेत उडालेली मोटरसायकल, धुळीचा लोट मागे सोडत जाणारा ट्रक, ही चित्रं टीव्हीवर पाहिलेली असतील. पण ती कोणी आणि का सुरू केली, हे निदान मला तरी माहीत नव्हतं.

तिएरी साबीनचा जन्म १३ जून १९४९ चा, पॅरिसला लागून असलेल्या नयी-सुर-सेन या सुखवस्तू उपनगरातला. पोटासाठी धडपड करायची वेळ आलेली नव्हती, पण एका जागी बसणं स्वभावातच नव्हतं. गाड्यांचं वेड. सत्तरच्या दशकाच्या मध्यात तो पोर्श घेऊन ल मांच्या प्रसिद्ध २४ तासांच्या शर्यतीत उतरला होता. पण त्याची खरी हुशारी गाडी चालवण्यात नव्हती, चारशे माणसांना एका कामाला जुंपण्यात होती. फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर ल तुके नावाचं एक पर्यटनाचं गाव आहे. उन्हाळ्यात पॅरिसची मंडळी तिथे गर्दी करतात आणि हिवाळ्यात किनारा ओस पडतो. साबीन या गावाच्या प्रसिद्धीचं काम बघत असे. हिवाळ्यात माणसं कशी आणायची, हा प्रश्न. त्याने एक अमेरिकन माहितीपट पाहिला, मोटरसायकलस्वारांवरचा, आणि १९७५ च्या फेब्रुवारीत त्या गारठलेल्या किनाऱ्यावर मोटरसायकलींची शर्यत भरवली. शर्यत चालली आणि त्या गावाला हिवाळ्याचाही हंगाम मिळाला. ती शर्यत, नाव बदलून का होईना, पुढेही चालू राहिली.

म्हणजे माणूस कल्पक, धाडसी, जाहिरातीचं अंग असलेला. आपल्या भाषेत सांगायचं तर उत्तम प्रोजेक्ट मॅनेजर आणि त्याहून उत्तम सेल्समन! एवढंच असतं तर मी हा लेख लिहिला नसता.

१९७६ च्या डिसेंबर अखेरीस झाँ-क्लोद बेर्त्राँ नावाच्या दुसऱ्या एका फ्रेंच माणसाने आबिजान ते नीस अशी रॅली काढली. पश्चिम आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्टपासून सहारा ओलांडून थेट फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यापर्यंत. साबीन त्यात यामाहा एक्सटी ५०० ही मोटरसायकल घेऊन उतरला. १९७७ च्या जानेवारीत, लिबियाच्या बाजूच्या वाळवंटात, तो वाट चुकला.

मंडळी, वाट चुकणं म्हणजे काय हे आपल्याला आता कळणं कठीण आहे. आपण चुकलो की खिशातली बाई शांतपणे सांगते की पुढच्या चौकातून वळा. तेव्हा जीपीएस नव्हतं, मोबाईल नव्हता. सहारात चौकच नाहीत. चारी बाजूंना सारखीच वाळू, दिवसा डोक्यावर ऊन, आणि जानेवारीतली रात्र अशी की दात वाजावेत. मोटरसायकलवर पाणी लादून लादून किती लादणार? एकटा माणूस, बंद पडलेली योजना, आणि आपल्याला कोणी शोधत आहे की नाही हेसुद्धा कळायला मार्ग नाही. साबीनने तीन दिवस आणि तीन रात्री असे काढले. शेवटी बेर्त्राँ स्वतः विमान घेऊन शोधायला निघाला होता, त्याला तो दिसला आणि वाचला.

आता विचार करा. आपल्यापैकी कोणी असं मरणाच्या दारातून परत आलं असतं तर काय केलं असतं? मी तर मोटरसायकल विकून टाकली असती आणि आईने बोललेले नवस फेडायला गावी गेलो असतो! साबीन फ्रान्सला परतला तो त्या वाळवंटाच्या प्रेमात पडून. जिथे आपण हरवलो तिथे परत जायचं, आणि एकट्याने नव्हे, जमतील तेवढ्या लोकांना घेऊन, हे त्याने ठरवलं. जे आपल्याला दिसलं ते इतरांनीही पाहावं ही त्याची ओढ. मला ही ओढ कळते आणि तिची भीतीही वाटते. दोन्हींचं कारण पुढे येईलच.

२६ डिसेंबर १९७८. नाताळच्या दुसऱ्या दिवशी पॅरिसमध्ये आयफेल टॉवरच्या समोर, त्रोकादेरोच्या चौकात १८२ वाहनं उभी होती. नव्वद मोटरसायकली, ऐंशी मोटारी, बारा ट्रक. समोर सुमारे दहा हजार किलोमीटर. काश्मीर ते कन्याकुमारी हे अंतर जवळपास तीनदा कापायचं, आणि त्यातला बराच भाग रस्ताच नसलेल्या जमिनीवरून. फ्रान्समधून खाली, बोटीने भूमध्य समुद्र ओलांडून अल्जीरिया, मग नायजर, माली आणि शेवटी सेनेगलची राजधानी डकार, अटलांटिकच्या काठावर. १४ जानेवारी १९७९ ला रॅली डकारला पोचली तेव्हा १८२ पैकी ७४ वाहनं उरली होती. पहिला आला सिरिल नव्ह नावाचा तरुण, साबीनकडे होती तशाच यामाहा एक्सटी ५०० वर. पहिल्या वर्षी मोटारी आणि मोटरसायकली एकाच यादीत धरल्या होत्या, त्यामुळे या पोराने मोटारवाल्यांनाही मागे टाकलं. वेगवेगळे निकाल पुढच्या वर्षापासून लागू लागले. पण त्या पहिल्याच वर्षी एक मोटरसायकलस्वार घरी परतला नाही, हेही इथेच सांगून ठेवतो.

ही रॅली चालते कशी, ते थोडक्यात सांगतो. रोज एक टप्पा. त्यात काही भाग नुसता एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाण्याचा, आणि काही भाग घड्याळ लावून पळण्याचा. त्याला स्पेशल म्हणतात. प्रत्येकाजवळ रोडबुक असतं. पूर्वी मोटरसायकलवाला ते कागदाच्या गुंडाळीसारखं हँडलवर बसवायचा आणि पुढे पुढे सरकवत जायचा. त्यात अमुक किलोमीटरवर कोरडी नदी, तमुक किलोमीटरवर खड्डा, इथून होकायंत्राच्या इतक्या अंशात जा, अशा खुणा काढलेल्या असतात. किलोमीटरचा आकडा थोडा जरी चुकला तरी पुढच्या सगळ्या खुणा चुकतात. (प्रोग्रॅमच्या सुरुवातीला एक व्हॅल्यू चुकावी आणि शेवटी भलतंच उत्तर यावं, तसं. फक्त इथे रीस्टार्टचं बटण नाही!) अधेमधे चौक्या असतात, त्या चुकवल्या तर दंड. संध्याकाळी सगळे वाळवंटातल्या मुक्कामी पोचतात, किंवा पोचत नाहीत. पोचलेले रात्रभर गाड्या उघडून दुरुस्त करतात आणि पहाटे पुन्हा निघतात. जीपीएस या रॅलीत १९९२ साली आलं. साबीनच्या काळात कागद, होकायंत्र आणि डोकं, एवढंच.

सुरुवातीची वर्षं वाचताना फार मजा येते. मारो नावाचे दोन भाऊ रेनॉ ४ घेऊन आले होते. ही म्हणजे फ्रान्समधली भाजी आणायची गाडी! त्यांनी तिला चारही चाकांची ताकद दिलेली होती, आणि १९८० साली मोटारींमध्ये ते चक्क तिसरे आले. दोन वर्षांनी, १९८२ साली, रेनॉ २० घेऊन त्यांनी रॅली जिंकलीच. १९८० साली काहीजण व्हेस्पा स्कूटर घेऊन निघाले आणि त्यातल्या दोन स्कूटर डकारला पोचल्या. हे वाचून मी बाबांना फोनच केला. कारण आमची बजाज चेतक त्याच घराण्यातली. बजाजने व्हेस्पाच्या परवान्यावरच भारतात स्कूटरी बनवायला सुरुवात केली होती. बाबांची चेतक साताऱ्यात पावसाळ्यात तिरकी केल्याशिवाय सुरू व्हायची नाही, आणि तिची ही लांबची बहीण सहारा ओलांडून गेली! बाबांचा आधी विश्वास बसला नाही. मग म्हणाले की तिलाही तिरकी करावी लागली असेल.

या सगळ्यांच्या डोक्यावर साबीन असायचा, अगदी अक्षरशः. पांढरे कपडे, दाढी, वाढवलेले केस, आणि हेलिकॉप्टर. दिवसभर तो वरून रॅलीवर घिरट्या घालायचा, अडकलेल्यांजवळ उतरायचा, आणि संध्याकाळी मुक्कामी सगळ्यांना गोळा करून उद्याच्या टप्प्यात कुठे काय धोका आहे ते समजावून सांगायचा. रॅलीचा मार्ग तोच आखायचा, नियम तोच करायचा, पैसा तोच उभा करायचा. त्याच्या कंपनीचं नावसुद्धा त्याचंच होतं. आमच्या धंद्यात याला सगळं एकाच सर्व्हरवर ठेवणं म्हणतात. चालतं तोवर झकास चालतं.

रॅली वाढत गेली. बेल्जियमचा जॅकी इक्स, फॉर्म्युला वनमधला मोठा ड्रायव्हर आणि ल मां सहा वेळा जिंकलेला, १९८३ साली मर्सिडीज घेऊन डकारची रॅली जिंकला. शेजारच्या सीटवर क्लोद ब्रासर हा फ्रेंच नट. १९८४ साली पोर्शने आपली गाडी उतरवली आणि रने मेत्जने ती पहिली आणली. १९८५ साली मित्सुबिशीची पजेरो जिंकली. मोटरसायकलींमध्ये यामाहा, बीएमडब्ल्यू, होंडा यांची चुरस. भाजीच्या गाड्यांची जागा कारखान्यांच्या संघांनी घेतली, टीव्हीवाले आले, जाहिराती आल्या. साबीनचं वेड सहा-सात वर्षांत जगभर पोचलं.

पण मला त्याच्यातलं सगळ्यात जवळचं वाटतं ते वेगळंच. साबीनच्या रॅलीत माणसं सतत हरवत आणि सतत शोधली जात. १९८२ साली ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांचा मुलगा मार्क त्याच्या दोन सोबत्यांसह अल्जीरियाच्या वाळवंटात बेपत्ता झाला. सहा दिवस पत्ता नाही. साऱ्या जगाच्या वर्तमानपत्रांत बातमी. १४ जानेवारीला अल्जीरियाच्या लष्करी विमानाला ते वाटेपासून सुमारे पन्नास किलोमीटर दूर सापडले. पुढच्या वर्षी, १९८३ साली, रॅली पहिल्यांदा नायजरच्या तेनेरे वाळवंटातून गेली आणि वाळूच्या वादळात चाळीसेक स्पर्धक वाट चुकले. काहींना परत वाटेवर यायला चार दिवस लागले. वाळवंटात एक माणूस शोधणं म्हणजे काय, ते साबीनला माहीत होतं. कारण एकदा तो एक माणूस तो स्वतः होता.

इथेच माझी गाडी अडते. ज्याला हरवण्याचा अर्थ कळला, त्यानेच शेकडो लोकांना हरवण्याच्या जागी नेलं. ते स्वखुशीने गेले, पैसे भरून गेले, हे खरं. पण वाटेवरच्या गावांनी कुठे नाव नोंदवलं होतं? त्या वाटेवर वर्षानुवर्षं स्पर्धक मेले, तसे रस्त्याच्या कडेला उभे असलेले गावकरीही मेले, त्यांत लहान मुलंही होती. ज्या काळात साहेलच्या पट्ट्यात दुष्काळाने माणसं आणि गुरं मरत होती, त्याच काळात त्या गावांसमोरून लाखो रुपयांच्या गाड्या धुरळा उडवत जात होत्या. यावर फ्रान्समध्येच भरपूर टीका झाली, आणि ती उगीच झाली असं मला म्हणवत नाही. आपल्या गावच्या जत्रेत पाहुण्याच्या गाडीखाली एखादं पोर आलं असतं, तर त्या पाहुण्याच्या शौर्याचं कौतुक आपण केलं असतं का?

साबीनला हे दिसत नव्हतं असं नाही. दानिएल बालाव्वान हा फ्रान्समधला फार लोकप्रिय गायक पूर्वी स्वतः या रॅलीत उतरलेला होता. १९८६ साली तो आला तो शर्यतीसाठी नव्हे. आफ्रिकेतल्या गावांना पाण्याचे पंप द्यायची मोहीम त्याने हाती घेतली होती, आणि रॅलीच्या सोबतीने ते काम पुढे न्यायचं होतं. ज्या वाटेवरून धुरळा गेला त्या वाटेवर पाणीही जावं, अशी ही कल्पना. चांगलीच होती.

१९८६ ची रॅली १ जानेवारीला पॅरिसजवळच्या व्हर्सायहून निघाली. अंतर सुमारे पंधरा हजार किलोमीटर. पहिल्याच दिवशी, वाळवंट लांबच, फ्रान्समधल्याच रस्त्यावर एका जपानी मोटरसायकलस्वाराला दारू प्यायलेल्या मोटारवाल्याने उडवलं आणि तो गेला. रॅली पुढे गेली. १४ जानेवारीला मुक्काम होता मालीमध्ये, नायजर नदीच्या काठी, गुर्मा-रारूस या गावी. संध्याकाळ झाली. वारा सुटला, वाळू उठली, अंधार पडत चालला. साबीनचं हेलिकॉप्टर त्या अंधारात मुक्कामाकडे निघालं. आत साबीन, बालाव्वान, नातालि ओदाँ ही पत्रकार, झाँ-पोल ल फ्यूर हा रेडिओ तंत्रज्ञ, आणि पायलट फ्राँस्वा-झाविए बान्यू, आपल्या ॲन आर्बरचा. मुक्कामापासून काही किलोमीटरवर हेलिकॉप्टर वाळूच्या टेकडीवर आदळलं. पाचही जण जागीच गेले.

तारखेकडे पुन्हा बघा. १४ जानेवारी. पहिली रॅली डकारला पोचली तो दिवस, बरोबर सात वर्षांनी. आपल्याकडे संक्रांत. पानिपतही १४ जानेवारीचंच. तारखांमध्ये काही नसतं हे इंजिनिअर म्हणून मला मान्य आहे, तरी वाचताना अंगावर काटा आला तो आलाच.

इतरांना अंधारात वाट सोडू नका, वादळात धोका पत्करू नका, असं रोज सांगणारा माणूस त्या रात्री स्वतः का निघाला? त्या हेलिकॉप्टरमध्ये कोणी काय ठरवलं ते मी सांगू शकत नाही. पण एवढं मला कळतं, की सात वर्षं दर संध्याकाळी सगळ्यांच्या आधी मुक्कामी पोचलेल्या माणसाला, एका संध्याकाळी आपण वाटेतच थांबावं, हे सुचणं सोपं नाही. मुक्कामी आपली वाट बघताहेत, आपल्यावाचून अडेल, हे ज्याच्या डोक्यात पक्कं बसलं त्याला थांबता येत नाही. क्लायंटकडे उद्या सकाळी पोचायचंच म्हणून बर्फात गाडी काढणाऱ्या माझ्यासारख्याने त्याला नावं ठेवू नयेत.

ती गोष्ट सांगतो. इथला माझा पहिला हिवाळा. उत्तर मिशिगनमध्ये क्लायंट, रविवारी रात्री निघालो, मोबाईलची बॅटरी संपत आलेली, चार्जर घरी. रेडिओ बर्फाबद्दल काहीतरी सांगत होता, पण मला सोमवारची मीटिंग दिसत होती. आठच्या सुमाराला गाडी घसरून रस्त्याकडेच्या खड्ड्यात गेली. मोबाईल बंद. चार तास मी गाडीत बसून होतो, मग बर्फ काढणाऱ्या ट्रकचा ड्रायव्हर आला आणि त्याने सोडवलं. मला खरचटलंसुद्धा नाही. पण पोचलो की साताऱ्याला फोन करायचा हा आमचा शिरस्ता होता, आणि तो फोन गेला नव्हता. तिकडे सकाळ होती. शेवटी फोन लावला तेव्हा बाबांनी फक्त जेवलास का एवढंच विचारलं. पुढे कधीतरी आईने सांगितलं की त्या सकाळी ते चहासुद्धा न घेता फोनपाशी बसले होते, आणि माझ्या शाळेतला नकाशासंग्रह उघडून मिशिगन शोधत होते.

म्हणून साबीनच्या गोष्टीत मला सगळ्यात लक्षात राहिला तो त्याचा बाप. गिल्बेर साबीन. त्या अपघातानंतर रॅली थांबली नाही, २२ जानेवारीला ती डकारला पोचली. मेत्जची पोर्श पहिली आली, मोटरसायकलींमध्ये पुन्हा सिरिल नव्ह. शेवटच्या टप्प्यात जखमी झालेला एक इटालियन मोटरसायकलस्वारही पुढे वाचला नाही. साबीनची रक्षा वाळवंटात, नायजरमधल्या तेनेरेच्या एका एकाकी झाडापाशी विखुरली गेली. त्या झाडाला आता त्याचंच नाव आहे. आणि पुढच्या वर्षीची रॅली उभी करायला त्याचे वडील पुढे आले, मुलाचा सहकारी पात्रिक व्हर्दुआ याच्या साथीने. ज्या वाळवंटाने मुलगा नेला तिथे बाप दर जानेवारीला जात राहिला, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला रॅली दुसऱ्या कंपनीच्या हाती जाईपर्यंत. हे प्रेम होतं, की हट्ट, की मुलाचं अर्धवट काम पुरं करण्याची आपल्याकडच्यासारखीच रीत? बापाने मुलाचा वारसा चालवायचा हा उलटा क्रम कोणाच्या वाट्याला येऊ नये.

आणि दुसरी ती आई. फ्राँस्वा-झाविए एकुलता एक. वडील ब्रुनो बान्यू स्वित्झर्लंडमधले नावाजलेले पायलट, आल्प्सच्या डोंगरात अडकलेल्यांना हेलिकॉप्टरने सोडवून आणणारे. मुलगाही तेच काम शिकला होता. आई अल्बिना द्यु ब्वारूव्रे चित्रपट निर्माती, बड्या घराण्यातली. मुलगा गेल्यावर तिने दागिने, चित्रं, मालमत्ता विकायला काढली आणि १९८९ साली मुलाच्या नावाने संस्था उभी केली. एड्सने आई-बाप गेलेल्या मुलांसाठी, गरिबीत अडकलेल्या कुटुंबांसाठी. या संस्थेने भारतातही काम केलं आहे. ॲन आर्बरची ती इमारत १९९३ साली उभी राहिली तीही त्याच पैशातून. मुलगा माणसांना शोधायचा आणि सोडवायचा, आईने तेच काम दुसऱ्या वाटेने चालू ठेवलं.

साबीनने सुरू केलेल्या रॅलीचं पुढे काय झालं? अतिरेक्यांच्या धमक्यांमुळे २००८ ची रॅली सुटायच्या आदल्या दिवशी रद्द झाली. २००९ पासून ती दक्षिण अमेरिकेत गेली आणि २०२० पासून सौदी अरेबियात भरते आहे. नाव मात्र डकारच. आपल्या अमेरिकेतल्या गल्लीला पुण्यातल्या पेठेचं नाव द्यावं तसं! भारतीयही तिथे पोचले. २०१५ साली सी. एस. संतोष ही रॅली पूर्ण करणारा पहिला भारतीय ठरला, २०२४ साली हरित नोआ मोटरसायकलींच्या रॅली-टू वर्गात पहिला आला, आणि २०२५ साली पुण्याचे संजय टकले जुन्या गाड्यांच्या डकार क्लासिकमध्ये उतरले.

मग साबीनला काय म्हणायचं? हीरो म्हणू, तर त्या वाटेवर मेलेली पोरं आठवतात. बेपर्वा म्हणू, तर वाळूत एकेका माणसासाठी घातलेल्या घिरट्या आठवतात. मला वाटतं तो चांगला वाटाड्या होता, आणि प्रत्येक वाटाड्याची एक चूक ठरलेली असते. वाट आपल्याला पाठ झाली, असं त्याला एक दिवस वाटतं.

रॅलीची ओळख करून देताना साबीन माणसांचे दोन भाग करायचा, निघणारे आणि मागे राहणारे. निघणाऱ्यांच्या वाट्याला त्याने आव्हान दिलं होतं आणि राहणाऱ्यांच्या वाट्याला स्वप्न. वाचायला छान वाटतं. पण मागे राहणाऱ्यांच्या वाट्याला नुसतं स्वप्न येत नाही, हे त्याच्या बापाने दाखवलं, बान्यूच्या आईने दाखवलं. आपण इथे बसलेले सगळे निघणारे आहोत. आपण व्हिसा, नोकरी, घर, ग्रीनकार्ड असे टप्पे मोजत राहतो. तिकडे कोणीतरी नकाशासंग्रह उघडून बसलेलं असतं.

हल्ली शनिवारी नॉर्थ कॅम्पसवरून चालताना एफएक्सबी दिसली की मी थांबतो आणि साताऱ्याला फोन लावतो. तिकडे संध्याकाळ झालेली असते. बाबा विचारतात, जेवलास का. मी सांगतो, आत्ताशी नाश्ता झाला.

या दिवाळीत कुठे लांब गाडी घेऊन निघालात तर चार्जर सोबत ठेवा, बर्फ असेल तर थांबा, आणि पोचलात की घरी फोन करा.

सर्वांना दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा!